नाव न घेता मारलेली हाक

आमचा धंदा साधा होता. आवडलेल्या जागा जपून ठेवायचं अॅप. एखादं चहाचं दुकान, धबधबा, समुद्रकाठची खानावळ. नकाशावर बोट ठेवलं की तिथे बदाम उमटायचा आणि पुढे कधी निघालात की मोबाईल बोलून रस्ता सांगायचा. असली अॅपं तैपेईत पैशाला पासरी. आमचं वेगळं कशाने दिसावं म्हणून ऑफिसात सगळे डोकं खाजवत बसायचे. बदाम लाल हवा की केशरी, यावर मी अख्खा आठवडा घालवलाय. हसू नका, मला त्याचाच पगार मिळायचा.

तोडगा काढला शाओ-चिएनने. हा आमचा मॅनेजर. वयाने माझ्याहून लहान, पण जिभेला हाड म्हणून नाही.

"पेई-रू, तुझे वडील किनाऱ्याच्या रस्त्यावर बस चालवायचे ना? त्यांचा आवाज घेऊ. लोकांना कसं, गावाकडच्या काकांनी हात धरून नेल्यासारखं वाटलं पाहिजे."

अप्पा हरखले. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून आले. माईकसमोर बसले आणि पूर्वी प्रवाशांशी बोलायचे तसं बोलत सुटले. "वळण आलं हो, चहा सांभाळा. शेजारचा झोपलाय? झोपू द्या, बायको रात्रभर बोललेली दिसतेय." आम्ही पोट धरून हसत होतो. मग शाओ-चिएनने विचारलं, "काका, पुलावर काय म्हणायचात?"

अप्पांनी माईक बाजूला सारला. "पुलावर जिवंत माणसांना काही म्हणत नाहीत. माझा भाऊ त्या रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हा त्याला घरी आणताना म्हटलं होतं."

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अपघातात गेलेला माणूस जागेवरच घुटमळतो. त्याला हाक मारून घरी आणावं लागतं, आणि वाटेत दर पुलावर, दर बोगद्यात सांगावं लागतं की पूल आला, भिऊ नको, मागोमाग ये. नाही सांगितलं तर तो पाण्याच्या अलीकडेच राहतो.

शाओ-चिएनने टाळी वाजवली. "हेच! हेच हवं! ऐकून लोकांना आजी आठवली पाहिजे."

अप्पांची तयारी नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी नवी होती, हे त्यांना माहीत होतं. "मग नाव घेऊन म्हणतो," ते म्हणाले. "पेई-रू माझ्यासमोर धडधाकट बसली आहे, तिचं नाव घेतो. बिननावाची हाक कुणीही आपलीच समजतं."

आणि ते म्हणाले, "पेई-रू, पूल आला बरं का. भिऊ नको, मागोमाग ये."

दुसऱ्या दिवशी शाओ-चिएनने त्यातलं नाव कापलं. "अख्ख्या तैवानने पेई-रूच्या बापाने पेई-रूला मारलेल्या हाका का म्हणून ऐकायच्या?" सगळे हसले. वाक्य सुटसुटीत झालं.

अॅप लोकांच्या हाती पडण्याआधीच अप्पांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. त्यांना बान्चियाओच्या माझ्या घरी आणलं आणि देखभालीला वातिनी नावाची जावा बेटावरची बाई ठेवली. एक दिवस त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्यांना मोबाईलवर त्यांचाच आवाज ऐकवला. पुलाचं वाक्य आलं, तसा त्यांनी चालता हात उचलून मोबाईल खाली पाडला. घशातून कसला तरी आवाज काढत राहिले... मला वाटलं, आपलाच आवाज ऐकून रडू आलं असेल.

अॅप मात्र धो धो चाललं. लोक प्रेमाने लिहायचे, "काकांच्या जिवावर निर्धास्त फिरतो." मग अधूनमधून भलतंच यायला लागलं. मागच्या सीटवर कुणी नसताना पट्टा लावा म्हणून गाडी टुणटुण करते. खानावळीत दोघंच गेलो होतो, पण पोऱ्याने तीन पेले ठेवले, विचारलं तर म्हणाला, त्या ओल्या पाहुण्यांना नको का? शाओ-चिएन खूश! "पोरांनो, फुकटची जाहिरात!"

एका पावसाळी दुपारी यौ काकू ऑफिसात आल्या त्या तेव्हाच. डोंगरापलीकडच्या तौचंग गावच्या. बाई ठेंगणी, कपडे नीटनेटके, हातात कापडी पिशवी. त्यांचा मुलगा बो-सुंग वसंतात कड्याच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. मंत्र म्हणणाऱ्या बाबाजींना घेऊन त्या जागेवर गेल्या, उदबत्त्या लावल्या, हाका मारल्या. कौल लागला होता, तो मागे उभा होता.

"तेवढ्यात एक गाडी गेली," काकू म्हणाल्या. "काचा उघड्या होत्या. आतून एक माणूस म्हणाला, पूल आला बरं का, भिऊ नको, मागोमाग ये. त्यानंतर कौल लागेना. घरीही नाही, तिथेही नाही. तो त्या आवाजामागे गेला हो. हा आवाज तुमचा ना?"

"काकू," शाओ-चिएन खुर्चीत रेलून म्हणाला, "कॉलेजातलं पोर ते. फिरायला गेलंय. फुकटात चांगल्या चांगल्या जागा बघतंय. कंटाळलं की येईल."

कुणीतरी फिसकन हसलं. काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी नुसतं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

मीच त्यांना जिन्यात गाठलं आणि सांगितलं की आवाज माझ्या वडिलांचा आहे. काकूंनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"मग तो तुझ्या घरी असेल, पोरी. आवाजामागे गेलेला शेवटी आवाजाच्या धन्यापाशीच येतो."

काकूंना घेऊन घरात पाऊल टाकलं तर पेट्रोलचा आणि ओल्या डांबराचा वास. घर माझं नवव्या मजल्यावर. वातिनीने अप्पांच्या पायथ्याशी एक स्टूल मांडून ठेवलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ताई, सारखं उभं राहतं कुणीतरी," ती हळूच म्हणाली. "मला बघवत नाही."

काकूंनी पिशवीतून कौलाच्या लाल लाकडी चंद्रकोरी काढून जमिनीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी. होकार. काकू तिथेच फरशीवर बसल्या आणि स्टुलाला मिठी मारून रडल्या. माझ्याही डोळ्यांना धार लागली. अप्पा टक लावून बघत होते.

"काय नाव यांचं?" डोळे पुसत काकूंनी अप्पांकडे पाहून विचारलं.

"शुई-शेंग," वातिनी म्हणाली.

बो-सुंग आता आईचं ऐकणार नव्हता, त्याला त्या आवाजाचीच सवय लागलेली. म्हणून असं ठरलं, की काकूंनी मुलाचं नाव घ्यायचं, लगेच मी मोबाईलवर अप्पांचं वाक्य लावायचं, आणि त्याला तौचंगला पोचवायचं. मी गाडी काढली. काकू मागे बसल्या. त्यांच्या शेजारची सीट टुणटुण करू लागली, तसा काकूंनी हसून पट्टा लावला.

धुकं होतं. पहिला पूल आला. "बो-सुंग," काकू म्हणाल्या. "पूल आला बरं का," अप्पा म्हणाले. दुसऱ्या पुलावरही तसंच. मग डोंगराखालचा लांब बोगदा लागला. दिवे एकामागून एक अंगावर येत होते, कानात दडे बसले होते. आरशात पाहिलं, तर काकू पुढे वाकून पुटपुटत होत्या. दर वेळी जरा जास्तच वेळ. आईच ती, मला वाटलं, लाडाने दोनदा नाव घेत असेल.

तौचंगला देवघरात उदबत्ती लावून त्यांनी कौल टाकला. पोर घरी आलं होतं. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

काकूंनी दोन वाट्यांत भात वाढला. दोन्हींत जेवायच्या काड्या ठेवल्या.

"काकू... दुसरी कुणाची?"

"बो-सुंग अंधाराला भितो," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. त्याला कुणीतरी मोठं माणूस लागतं सोबतीला."

माझा मोबाईल वाजला. वातिनी होती. "ताई, काका श्वास घेतायत... पण बघत नाहीयेत. डोळे उघडे आहेत. मी हात हलवला, बघत नाहीयेत."

म्हणजे वाटेत काकूंनी एकच नाव दोनदा नव्हे, दोन नावं घेतली होती. मी काकूंच्या पाया पडले. हो, पडले. म्हटलं, परत द्या, त्यांचं काय चुकलं, नाव कापणारा दुसराच आहे. काकू वाटी सरळ करत होत्या. "ज्याच्या आवाजाने नेलं, तोच सांभाळेल. तू जा आता. पावसाचं गाडी जपून चालव." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी दाराबाहेरूनच हाका मारल्या आणि तशीच निघाले. दर पुलावर काच खाली करून ओरडत होते. बोगद्यात ओरडून ओरडून घसा बसला. "अप्पा, पूल आला. भिऊ नका, मागोमाग या." अप्पाच म्हणत होते मी. बापाचं नाव लेकीच्या तोंडात येत नाही हो. जन्मात कधी घेतलं नव्हतं, त्या दिवशीही नाही आलं. बोगदा संपता संपता मागची सीट टुणटुण करू लागली, आणि मी आनंदाने रडले. मागे हात टाकून पट्टा लावला.

घरी पोचले तर अप्पा बघत होते. माझ्याकडेच. वातिनीने हात जोडले. मी त्यांच्या उशाशी बसले, कपाळ चेपलं. बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी ते बोलले. अर्धांगाच्या झटक्यानंतर पहिल्यांदा, स्पष्ट, त्याच गोड आवाजात. डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं. शेजारी पेढे आणावेत तसे अननसाचे केक घेऊन आले. सगळ्यांशी हसून बोलतात. आता तर धरून चालवलं की चालतातही.

मला मात्र आ-मान म्हणून हाक मारतात. आ-मान कोण, मला माहीत नाही. पहिल्यांदा मी गप्प राहिले, तर इतके कासावीस झाले की मी ओ दिली. आता रोजच देते. जेवतात, पाणी पितात आणि माझा हात धरून एवढंच विचारतात:

"आ-मान, तुझी आई अजून गाडीतच बसली आहे गं. धाकटा तिच्या मांडीवर आहे. त्यांना आणायला कधी जायचं?"