हातमोज्यांतले हात

"पूर्ण चित्रपट सोडला आणि तिजोरी फोडण्याचं एकच रीळ नेलं!" पॅरिसमधल्या जुन्या थिएटरचे मालक ब्रॉशार कपाळाला हात लावून बसले. "उद्या वीस वर्षांनी तो पुन्हा लागतोय, मादाम."

"कुलूप?" खासगी गुप्तहेर ओदील वासर यांनी विचारलं.

"शाबूत. किल्ली माझ्याकडे, नाहीतर तिकीटखिडकीतल्या उजेनीकडे."

ओदीलबाईंचा मदतनीस गास्तों भिंतीवरचं पोस्टर बघत होता. पांढरा हातमोजा घातलेला उजवा हात तिजोरीची चकती फिरवत होता. "असे पांढरेशुभ्र मोजे! दरोडा की लग्नाची वरात?" तो हसला.

उद्याच्या खेळाच्या उद्घाटनासाठी आलेला, त्या चित्रपटाचा नायक देल्मास दारातच भेटला. डाव्या हाताने काडी ओढून त्याने सिगारेट पेटवली. "जळू दे ते रीळ! मी पन्नास भूमिका केल्या, लोकांना फक्त त्या बोटांचं कौतुक."

"ह्यानेच!" गास्तों कुजबुजला.

"किल्ली कुठून आणली मग? उडून गेला?" ओदीलबाई म्हणाल्या.

मार्टिनिक बेटावरची कृष्णवर्णीय उजेनी काळ्या कपड्यांत तिकिटं लावत होती. शेजारी रिकामी, भलीमोठी टोपली.

"आईला इस्पितळात संत्री न्यायचे," ती म्हणाली. "परवा गेली ती."

गास्तोंने टोपी काढली.

"वडील?" ओदीलबाईंनी विचारलं.

"सिनेमात होते. दिसायचे नाहीत."

"न दिसणारा नट?" गास्तों बोलून गेला. "पगारही न दिसणारा असेल!"

"होता," ती म्हणाली. गास्तोंला जीभ चावावीशी वाटली.

संध्याकाळी ओदीलबाईंनी सगळ्यांना रिकाम्या प्रेक्षागृहात बसवलं.

"देल्मास, तुम्ही डावखुरे. पोस्टरवरचा हात उजवा, आणि किती सराईत! पडद्यावरच्या चोराची बोटं तुमची नव्हती. तुमच्या धंद्यात हातांसाठी दुसरा माणूस घेतात. पण तो माणूस मार्टिनिकचा असेल, तर गोऱ्या नायकाचे हात काळे कसे दाखवायचे? म्हणून मोजे."

देल्मासने मान खाली घातली.

"ज्याला नुसता चित्रपट चोरायचाय, तो सगळा नेईल. ज्याला हे हातच हवेत, तो हे रीळ नेईल. किल्ली असलेला, आणि नुसत्या संत्र्यांसाठी एवढी मोठी टोपली बाळगणारा."

उजेनीने खुर्चीखालचा रिळाचा डबा पुढे सरकवला.

"एका ठिकाणी मोजा सरकतो," ती म्हणाली. "मनगट दिसतं, क्षणभर. तेवढेच माझे बाबा. इस्पितळातल्या दिव्यापाशी धरून फीत आईला दाखवली. तिने बोटाने ते मनगट चाचपलं. म्हणाली, 'हो, हेच.' मग डोळे मिटले. परत ठेवायला आले, तर तुम्ही पोलिसांचं बोलत होतात."

ब्रॉशारनी डबा उघडून तपासलासुद्धा नाही. "पोलिस नकोत," एवढंच म्हणाले.

"तीन आठवडे आम्ही एकत्र होतो," देल्मास पुटपुटला. "तो माझ्याच कोटात असायचा, मी बाजूला सिगारेट ओढत असायचो. काय नाव होतं त्याचं?"

उजेनी त्याच्याकडे वळली.

"आई असती तर तिने लगेच सांगितलं असतं," ती म्हणाली. "आता तुम्ही आधी आठवून बघा."

देल्मास उभा राहिला. ओठ हलले. गास्तों वाट बघत होता, सगळेच बघत होते. पण नाव आलं नाही.