डोमाजींची ओळ

कामिनीबाईंनी काचपेटीवरचं कापड उचललं. कुलूप जागेवर होतं, आतली मखमल होती, माहितीची पट्टी होती. पुस्तिका नव्हती.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून हरवलेली वस्तू दिसत नसते, हे ठाऊक असूनही पाहिलं.

कामिनी ढोक पूर्व विदर्भ महाविद्यालयीन ग्रंथपाल मंडळाच्या सचिव. मंडळाचा वार्षिक मेळावा आज धरमपेठेतल्या त्यांच्याच कॉलेजात होता. वर्षभरात काय काय केलं, ते सभागृहात मांडलं होतं. एका बाजूला ग्रंथपाल दिनाचे फोटो, दुसऱ्या बाजूला कागद-जतन कार्यशाळेचं टेबल आणि मधोमध ‘घरातलं जुनं पुस्तक’ या उपक्रमाची काचपेटी. तिच्यात ठेवायची पुस्तिका मिळावी म्हणून कामिनीबाई कुहीला जाऊन इंदुताईंच्या विनवण्या करून आल्या होत्या. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः ती पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं.

छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी इंदुताईंच्या वडिलांनी, डोमाजींनी, ती वंदनेची छापील पुस्तिका विकत घेतली होती. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने त्यांच्या हातची एकच ओळ: ‘मी डोमा, राहणार कुही. आज नवा जन्म.’ डोमाजींचा फोटो कधी निघालाच नाही. लेकीकडे बापाचं म्हणून उरलं होतं ते एवढंच.

आणि दुपारी इंदुताई सत्काराला येणार होत्या.

“मॅडम!” सहसचिव प्रीती लगबगीने आली. “प्रमाणपत्रांवर शिक्का उमटूनच नाही राहिला. पॅड एकच, अन् तो कालपासून ठणठणीत सुकला हाय.”

“पॅड राहू दे वं. आधी तो दरवाजा लाव.”

पाहुणे यायला अवकाश होता. सकाळपासून सभागृहात चौघंच होते: कामिनीबाई, प्रीती, मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव ठवरे आणि खापरखेड्याकडच्या एका कॉलेजचा ग्रंथपाल प्रशिक खोब्रागडे. पेटीची किल्ली कपाटामागच्या खिळ्याला असते, हे चौघांनाही माहीत होतं. ग्रंथपालांच्या मंडळात भांडणंसुद्धा कुजबुजत होतात, तशीच ही चौकशीही हलक्या आवाजात सुरू झाली.

“सकाळी सगळ्यात आधी कोण आलं?”

“गोपाळराव सर,” प्रीती म्हणाली. “मी आली तवा ते जतनाच्या टेबलापाशी ट्रे धुवून राहिले होते. प्रात्यक्षिकाची तयारी, म्हणे.”

“पेटीत पुस्तिका होती तेव्हा?”

“वरतं कापड होतं ना मॅडम. उद्घाटनापर्यंत कोणी उचलू नका, असं सरच बोलले.”

गोपाळराव खुर्चीत अवघडून बसले होते. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण जुन्या कागदाचा प्रश्न आला की सगळा विदर्भ त्यांनाच फोन करी. हिवाळ्यातली जतन कार्यशाळाही त्यांनीच घेतली होती. त्यांच्या उजव्या हाताची बोटं जांभळी झाली होती.

“हात भरले, सर.”

“शिक्के मारले ना आत्ता, देणगीच्या पुस्तकांवर.” त्यांनी हात खिशात घातला. ग्रंथपालाची बोटं जांभळी असणं म्हणजे हलवायाचे हात तुपकट असणं. कोण कशाला लक्ष देतो?

“पुस्तिकेचं तुम्हाला काय वाटतं?”

“मले काय वाटन, कामिनीबाई? घरच्याच कोणी नेली असन.” ते थांबले. “म्हणजे, मी कोणाचं नाव नाही घेऊन राहिलो.”

नाव घ्यायची गरजच नव्हती. प्रशिक इंदुताईंचा सख्खा भाचा होता आणि पुस्तिका प्रदर्शनात ठेवायला त्याचा विरोध आहे, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं.

“तूच नको म्हणत होतास ना?” कामिनीबाईंनी विचारलं.

“हो. घरची चीज घरीच राहू दे म्हटलं होतं. आत्यानं आयकलं नाही.”

“मग तूच नेलीस का?”

“मी काहून नेईन? मांगितली असती तं आत्यानं तशीच देली असती मले.” त्याचा आवाज खाली आला. “आजोबा तवा नवे नवे लिवाले शिकले होते. पेन्सिल घडीघडी जिभेले लावत अन् एकेक अक्षर काढत. जीभ रंगली तं आजी हासली, असं आत्या अजून सांगते. ते मी चोरीन, मॅडम?”

“बॅग उघड.”

“काय?”

“तुझी बॅग उघडून दाखव, प्रशिक.”

त्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. प्रीतीने मान खाली घातली, गोपाळराव खिडकीबाहेर बघत राहिले. प्रशिकने टेबलावर बॅग उपडी केली. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि सत्काराच्या वेळी आत्याला द्यायला घेतलेली पांढरी साडी.

“झालं समाधान?”

उरलेल्या तिघांच्या बॅगा त्याच टेबलाखाली होत्या. त्या उघडायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. कामिनीबाईंच्याही नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की तिथे उभं राहवेना.

काहीतरी करायचं म्हणून त्या प्रमाणपत्रांच्या टेबलाकडे गेल्या आणि शिक्का उचलून पॅडवर दाबला. काही उमटलं नाही. पॅडवर बोट घासलं. बोट स्वच्छच राहिलं.

त्या वळल्या ते थेट जतनाच्या टेबलाशी. ट्रेच्या कडांना ओल होती, जुन्या कागदातलं आम्ल काढायच्या चुन्याच्या निवळीची बाटली अर्धी झाली होती, आणि टिपकागदांचा गठ्ठा चांगलाच पातळ झाला होता.

चोर असता तर वस्तू घेऊन पसार झाला असता. पण ग्रंथपाल? ओला कागद तो टिपकागदात घालून वजनाखाली ठेवतो. हातून खून झाला तरी तो कागद फेकून देणार नाही.

कोपऱ्यात वर्तमानपत्रांचे बांधीव खंड रचले होते. त्यांनी वरचे खंड बाजूला केले. खाली टिपकागद होते, जांभळे झालेले, आणि त्यांच्यामध्ये पुस्तिका. तिचं शेवटचं सुटं पान फिक्या जांभळ्या डागाने भरलं होतं. ओळ नव्हती.

“सर,” त्या वळून म्हणाल्या, “पॅड कालपासून कोरडा आहे. मग तुमची बोटं आज कशाने रंगली?”

गोपाळरावांनी खिशातला हात आणखी आत सारला.

“मी सांगते. डोमाजींनी साधी पेन्सिल वापरली नव्हती. ती कॉपिंग पेन्सिल होती. कोरडी असेपर्यंत शिसपेन्सिलीसारखीच दिसते, पाणी लागलं की जांभळी शाई सोडते. म्हणून तर त्यांची जीभ रंगली. तुम्ही सगळ्यांच्या आधी आलात, किल्ली घेतली आणि पान निवळीत धुवायला घातलं. धुण्याआधी ओला कापूस लावून शाई तपासायची, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

“तपासली ना.” गोपाळरावांनी हात खिशातून बाहेर काढला. “छापाची तपासली. पेन्सिल नाही तपासली.”

तिथे कुणीच तपासली नसती. पुस्तकावर क्रमांक टाकायचा तर पेन्सिलीनेच, कारण पेन्सिल पसरत नाही, हा ग्रंथपालांचा पहिला धडा.

“पान भुगा होऊन राहिलं होतं, कामिनीबाई. धुतल्यावर अजून पन्नास वर्षं टिकलं असतं. ताईच्या हातात ठेवून सांगणार होतो. पाण्यात घातलं अन् माझ्या डोळ्यांदेखत अक्षरं उठून गेली. हातानं धराले गेलो... पाणी का हातानं धरता येते?” त्यांनी डोळे पुसले. “मग कापड टाकून देलं पेटीवर. वाटलं, ताई येईपर्यंत काही सुचन.”

“आणि प्रशिकची बॅग उघडली तेव्हा?”

“तवा बोलाले पाहिजे होतं.”

“मीही बॅग उघडायला सांगायला नको होती,” कामिनीबाई प्रशिकला म्हणाल्या. “चुकलं माझं.”

“हो,” प्रशिक म्हणाला, आणि साडीची विस्कटलेली घडी नीट करू लागला.

इंदुताई आल्या तेव्हा सभागृह भरत आलं होतं. कामिनीबाईंनी त्यांना आतल्या खोलीत नेलं. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण गोपाळरावांनी त्यांना थांबवलं आणि सगळं स्वतःच सांगितलं. काही वगळलं नाही. प्रशिकवर आळ येऊ दिला, तेही सांगितलं.

इंदुताईंनी पान डोळ्यांजवळ नेलं. उजेडाकडे धरलं. डागावरून बोट फिरवलं, जिथून ओळ सुरू व्हायची तिथून जिथे संपायची तिथपर्यंत. बाहेर माइकवर प्रीती पाहुण्यांना बसून घ्यायला सांगत होती.

“चोरीले गेली असती तं बरं झालं असतं, साहेब,” त्या शेवटी म्हणाल्या. “चोरानं जपून तं ठेवली असती.”