हिला का पुसलं?

आमच्या मनोरंजन वाहिनीच्या ऑफिसात माझं टेबल खिडकीपासून सगळ्यात लांब होतं, कारण माझ्या पडद्यावर उजेड पडून चालायचं नाही. प्रत्येक व्हिडिओवर एक छोटं चित्र असतं, ज्यावर बोट ठेवलं की व्हिडिओ सुरू होतो. ती चित्रं मी करायचे, दिवसाला पंधरा-वीस. रडणाऱ्या नायिकेचे डोळे थोडे मोठे करायचे, दोन नटांच्या मधोमध वीज पाडायची, कुणाच्या तरी पाठीमागे पिवळं वर्तुळ काढायचं. वर्तुळात काही असायलाच हवं असं नाही. वर्तुळ दिसलं की लोक आत डोकावतात, एवढं मला नऊ वर्षांत कळलं होतं.

आमच्या संपादकांना सगळे पाठीमागे ‘मथळा’ म्हणत. ते बोलायचेच मथळ्यांत. चहा गार आला तरी ‘चहानं केला विश्वासघात’ म्हणून कप परत पाठवायचे.

त्या महिन्यात ताईचा सिनेमा लागणार होता. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. सिनेमातल्या नटनट्यांचे कपडे करते. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली बटणं लावल्यावर तिला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम मिळालं होतं. एका कुटुंबाची साधी गोष्ट. सहा नट, त्यातला एकही चेहरा ओळखीचा नाही. नऊ दिवसांवर सिनेमा आलेला आणि कुणाला त्याचा पत्ताच नाही. पहिल्या दिवशी माणसं आली नाहीत तर दुसऱ्या दिवशी उतरवू, असं थिएटरवाल्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

“तुझ्या वर्तुळांचा सख्ख्या बहिणीला काही उपयोग होतोय का बघ,” ताई फोनवर हसत म्हणाली. घाबरली की तिचं हसू जरा वरच्या पट्टीत जातं. तेव्हा फारच वर गेलं होतं.

मी पोस्टर उघडलं. जेवणाचं लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, भोवती सहा जण आणि डाव्या टोकाला सातवी खुर्ची रिकामी. ती रिकामी का, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिथं सिनेमाचं नाव यायचं होतं. नंतर नाव वर गेलं आणि खुर्ची तशीच राहिली. ताईनं पाठवलेला मूळ फोटोही माझ्याकडे होता. त्यातही ती रिकामीच होती.

मी खुर्चीभोवती वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं, ‘इथं कोण होतं?’

मथळा मागे येऊन उभे राहिले. “प्रश्न बरा आहे. पण प्रश्नावर कोण चिडतं? चिडायला माणूस लागतं.” त्यांनी वाकून माझ्या कीबोर्डवर स्वतःच टाइप केलं, ‘हिला का पुसलं?’

“हिला म्हणजे कुणाला?” मी विचारलं.

“ते लोक सांगतील की!”

व्हिडिओ सकाळी अकराला गेला. दुपारच्या जेवणापर्यंत दोन लाख लोकांनी पाहिला होता, चारपर्यंत नऊ लाखांनी. अख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती गोळा झालं. आकडा बदलला की कुणीतरी ओरडायचं, कुणी माझ्या पाठीत थाप मारायचं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं. माझ्या अंगात वारं शिरलं होतं. ताईला मी दर तासाला आकडा कळवत होते आणि ती उलट नुसतीच उद्गारचिन्हं पाठवत होती.

आधी सगळे चिडलेले होते. निर्मात्याची मुजोरी, कलाकाराचा अपमान, नेहमीचंच. संध्याकाळी एकानं लिहिलं, ‘मी शूटिंग बघायला गेलो होतो. राखाडी झगा होता तिचा. फार कमी बोलायची.’

त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, ‘हो, राखाडीच.’

मला हसू आलं. एकानं सांगितलं की दुसऱ्याला दिसतं, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. कुणीतरी पोस्टर मोठं करून टेबलाच्या कडेवर तिची बोटं दाखवली. मी मूळ फोटो उघडून तीच जागा बघितली. कापडाला घडी पडली होती, दुसरं काही नाही.

दोन दिवसांत लोक तिची चित्रं काढून पाठवायला लागले. पेन्सिलीनं, खडूनं, वहीच्या रेघांच्या पानावर. मी एकाही चित्रात तिला चेहरा दिला नव्हता, एवढं शपथेवर सांगते. तरी सगळ्यांच्या चित्रांत अरुंद कपाळ होतं, उजवी भुवई मध्येच तुटलेली होती, आणि केस डाव्या खांद्यावर पुढे घेतलेले होते.

“नुसती बघतेस काय? एकत्र कर,” मथळा म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. फार खूश झाले की त्या तशा व्हायच्या.

मी चाळीस चित्रं निवडली, प्रत्येक चित्र फिकट केलं आणि एकावर एक ठेवलं. चाळीस वेगवेगळ्या हातांची चित्रं अशी ठेवली की त्यांचा धुरकट गोळा होतो. मी हे अनेकदा केलेलं आहे.

चेहरा स्वच्छ उमटला. पापण्या मोजता आल्या असत्या.

 ऑफिसात सगळे एकदम ओरडले, टाळ्या पिटल्या. त्यात मीही होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. “इकडे ये. आत्ता.”

तिची कपड्यांची खोली एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे. पत्र्याचं छप्पर, इस्त्रीची वाफ, भिंतीला लागून चाकांवरचे दांडे आणि त्यांवर टांगलेले कपडे. ताईनं मला सात चिठ्ठ्या दाखवल्या. ती प्रत्येक नटाची मापं वेगळ्या चिठ्ठीवर घेते.

“सहा नट ना?” मी म्हणाले.

“मोज.”

सातव्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. छाती, कंबर, बाही, उंची, सगळं होतं. ताई सातचा आकडा विशिष्ट पद्धतीनं काढते, पोटात आडवी रेघ देऊन. तो तसाच होता.

“कुणीतरी चेष्टा केली असेल तुझी.”

“आणि हा?” तिनं दांड्यावरून राखाडी झगा काढून माझ्या हातात दिला. “हा मी शिवलाय. खांद्याला तिसऱ्यांदा उसवून शिवलाय, तेही आठवतंय मला. ती उभी होती इथं, खिडकीकडे तोंड करून. म्हणाली, घाई नका करू.”

“कोण ती?”

 ताईला रडू येईल असं वाटलं, पण ती हसली. लहानपणी सहलीच्या बसमध्ये चढताना हसायची, तसं. “अगं, तिच्यामुळे चाललंय ना सगळं! पहिल्या दिवसाची तिकिटं संपली, कळलं का तुला?”

मी झगा परत देताना कॉलर बघितली. आतून ती कळकट होती. रोज घातलेल्या कपड्याची होते, तशी. काखेत घामाचे फिकट अर्धगोल होते, आणि कापड अजून किंचित दमट होतं.

ऑफिसात परतल्यावर मी मथळ्यांना म्हटलं, “सांगून टाकू या. मूळ फोटो दाखवू, खुर्ची पहिल्यापासून रिकामीच होती म्हणू. हे हाताबाहेर चाललंय.”

मला वाटलं, अंगावर येतील. ते खुर्चीतून उठलेच. “वा! खुलासा! वादाला दुसरी बाजू हवीच होती. टाक, टाक.”

मी मूळ फोटो जसा होता तसा टाकला. एका ठिपक्यालाही हात लावला नाही. खाली स्वतः लिहिलं, ‘इथं कुणीही नव्हतं. चित्र मी केलं. चूक माझी.’

दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं. ‘धन्यवाद. यात ती जास्त स्पष्ट दिसते.’

मग तसलीच शेकड्यांनी. मी फोटो पुन्हा मोठा केला आणि टेबलाच्या कडेला गेले. कापडाची घडी तिथंच होती. पण तिची टोकं चार होती. प्रत्येक टोकाला नख होतं.

मी पडदा बंद केला. मग परत चालू केला, आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल तर आकडा. तेवढं मला कबूल करायला हवं.

सिनेमा लागला त्या दुपारी थिएटरबाहेर रस्ता बंद करावा लागला. लोकांनी तिचे चेहरे छापून आणले होते, काठ्यांना लावून उंच धरले होते. ताईला कुणीतरी ओळखलं, तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी होतं. निर्माते, एरवी कुजबुजत बोलणारा गरीब माणूस, दारात उभे राहून येईल त्याला मिठी मारत होते. मी विचारलं, “तुम्ही तरी सांगा, तुमच्या सिनेमात किती नट?” ते म्हणाले, “आज नको हो हिशेब!” आणि मलाही मिठी मारली.

आम्ही पाचव्या रांगेत बसलो. हा सिनेमा मी ताईबरोबर आधी एकदा पाहिला होता, तो पुरा होण्याआधी. जेवणाचा प्रसंग मध्यंतरानंतर येतो हे मला माहीत होतं. तो जवळ येऊ लागला तसं सगळं थिएटर पुढे सरकलं. शेकडो खुर्च्या एकदम करकरल्या.

टेबल आलं. सहा जण आले. सातवी खुर्ची रिकामी होती.

माझा जीव भांड्यात पडला.

आणि थिएटर उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, कुणी रडतंय. ताईनं माझा हात एवढा घट्ट धरला की अंगठी रुतली. “बघ, खांदा कसा बसलाय बघ झग्याचा!”

मला खुर्ची दिसत होती. फक्त खुर्ची.

पडद्यावर आई झालेली नटी त्या टोकाकडे वळली. म्हणाली, “आणि तू गं? तू काहीच बोलणार नाहीस?”

हे वाक्य मी आधी ऐकलेलं नव्हतं.

मग शांतता. साधारण तीन सेकंद. त्या टोकाकडे बघत सहाही जण गप्प.

तीन सेकंद संपले आणि सगळं थिएटर खदखदून हसलं.

मीही हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकं नेमकं, इतकं मार्मिक बोलली होती ती.

काय बोलली होती, ते मला सांगता येणार नाही. मी काही ऐकलंच नव्हतं.

सिनेमा उतरला नाही. आजही चालू आहे. ताईकडे आता चार कामं आहेत, फोन उचलायला वेळ नसतो तिला. मथळ्यांना मोठी केबिन मिळाली. मला खिडकीजवळचं टेबल देत होते, मी नको म्हटलं.

मागच्या मंगळवारी सकाळी स्वागतकक्षातून फोन आला. मला भेटायला कुणी नवरा-बायको आले होते. साठीच्या पुढचे, इस्त्रीचे कपडे, बाईंच्या मांडीवर पर्स. मी गेल्यावर दोघंही उठून उभे राहिले.

“ते चित्र तुम्हीच केलंत ना?” गृहस्थ म्हणाले. “आमच्या मुलीला न्याय मिळवून दिलात. प्रत्यक्ष भेटून सांगायचं होतं.”

अशी माणसं येतात. कुणी नायकाचा भाऊ म्हणून येतं, कुणी नायिकेची जुळी बहीण म्हणून. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, “तिचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडे? लहानपणचा, शाळेतला?”

त्यांना खोटं पाडायला एवढं पुरे होतं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंचा चेहरा कसनुसा झाला. “त्यासाठीच आलोय खरं तर. घर उपसलं हो आम्ही. एकही फोटो नाही. ती आता आलीय घरी, हसते, बोलते, खोलीत असते तिच्या. पण आम्हाला आधीचं काही आठवतच नाही.” त्या पुढे वाकल्या. त्यांच्या हाताला पावडरीचा वास होता. “चौथी-पाचवीत असताना कशी दिसायची ती? तुम्हाला काही सांगता येईल का?”

आम्ही माणसं बनवत नाही, आम्ही फक्त चित्रं करतो, असं मी म्हणणार होते. वाक्य तयारही होतं.

“दोन वेण्या,” मी म्हणाले. “आणि ती भुवई. जिन्यावरून पडली होती. तीन टाके पडले, पण रडली नाही.”

बाईंनी पर्समधून छोटी वही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि लिहून घेऊ लागल्या.