दर दुसऱ्या रविवारी

त्या काळी शुश्रूषाघरांच्या तपासणीला येणारी माणसं स्वयंपाकघरात डोकावत नसत, गाद्या उलटून पाहत नसत, आणि म्हाताऱ्यांना 'इथं बरं वाटतं ना' असं तर मुळीच विचारत नसत. त्या प्रश्नाला सगळे म्हातारे एकच उत्तर देतात, हे तोवर सरकारला कळून चुकलं होतं. तपासनीस यायचे, प्रत्येक रहिवाशाच्या मानेमागचा एक केस त्वचेलगत कापून पाकिटात घालायचे आणि निघून जायचे. पुढचं सगळं तो केस सांगायचा.

माणसाचा केस दिवसाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा वाढतो. त्या दिवशी रक्तात जे काही फिरत असेल, त्याचा अंश वाढत्या केसाच्या गाभ्यात अडकून राहतो. माणूस घाबरला, कासावीस झाला, दुखावला, की रक्तात जी रसायनं वाढतात तीही त्यात आलीच. नागपूरच्या प्रयोगशाळेत एकेका केसाच्या शेकडो चकत्या करून असे दिवसामागून दिवस वाचले जात. या वाचनाला केशलेख म्हणत आणि प्रत्येक दिवसापुढं पडणाऱ्या आकड्याला क्लेशांक. क्लेशांक पंधराच्या खाली असला म्हणजे माणूस शांत आहे. चाळीसच्या वर गेला की चौकशी लागे.

ऋतुजा वानखडे या तपासणी विभागात मुख्य तपासनीस होती. पन्नाशीची, एकटी, कामाला वाघ. केशलेख यायच्या आधीची एक गोष्ट ती कधी विसरली नव्हती. एका शुश्रूषाघराची सगळी कागदपत्रं तिनं तपासली होती, जेवण चाखलं होतं, उत्तम असा शेरा लिहून सही केली होती. तीन महिन्यांनी कळलं, की तिथं एका आजींना दिवसभर पलंगाला बांधून ठेवत होते. त्या आजी ऋतुजाशी गोड हसून बोलल्या होत्या. त्यानंतर केशलेखाची नियमावली लिहायचं काम आलं तेव्हा तिनं ते मागून घेतलं. त्यातलं नववं कलम तिच्या हातचं होतं: क्लेशाचं कारण सापडताच ते रहिवाशापासून दूर करावं, मग ते कारण कोणीही असो.

कुणाची कणव किंवा ओळख आड येऊ नये म्हणून अहवालात नावं नसत. शुश्रूषाघरालाही आकडा, रहिवाशालाही आकडा. आदेश निघाला की संगणक आपला आपण नावं भरून तो पाठवून देई.

फेब्रुवारीत तिच्यासमोर असाच एक अहवाल आला. घर बरंच चांगलं होतं. बत्तीस रहिवाशांपैकी एकतीस जणांच्या रेघा जवळजवळ सपाट होत्या. पण सतरा क्रमांकाच्या बाईंची रेघ दर चौदा दिवसांनी उसळत होती. अठ्ठावन्न, चौसष्ट, एकसष्ट. दर वेळी रविवार, आणि मग दोन दिवस आकडा खाली यायला तयार नाही. रविवारी घरांत माणसं कमी असतात आणि जे काही वाईट घडतं ते बहुतेक रविवारीच घडतं, हे ऋतुजाला अनुभवानं ठाऊक होतं. तिनं हजेरी मागवली. त्या सगळ्या रविवारी सतरा क्रमांकापाशी एकच सेविका होती. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला कामावरून दूर ठेवावं, असा आदेश ऋतुजानं काढला आणि दुसरा अहवाल उघडला.

पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी सकाळी निघून चिखलदऱ्याला गेली. तिची आई, ज्योत्स्नाबाई, गेली दोन वर्षं तिथल्या पठारावरच्या शुश्रूषाघरात होती. ज्योत्स्नाबाईंनी उभं आयुष्य एसटीत कंडक्टर म्हणून काढलं होतं. आता वय एकोणऐंशी, आणि स्मरणशक्ती मागंमागं सरत गेलेली. ऋतुजा दर दुसऱ्या रविवारी येई, हातांना तेल चोळून देई, जुने फोटो दाखवी. 'आई, मी ऋतू' असं दहादा सांगे. आई तिच्याकडे टक लावून पाही. कधी रडे. ओळख पटते आहे म्हणूनच रडते, असं ऋतुजाला वाटे आणि परतीच्या वाटेवर तेवढं तिला पुरे.

त्या दिवशी आईचे केस विंचरलेले नव्हते. निर्मला कुठं आहे, असं ऋतुजानं विचारलं. निर्मला धांडे ही आईची सेविका. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी खाली बघत सांगितलं, की नागपूरहून आदेश आला, निर्मलाला घरी बसवलंय. अशी बाई पुन्हा मिळायची नाही, पण आदेशापुढं आम्ही काय करणार, असंही त्या म्हणाल्या. आदेश कोण काढतं ते त्यांना माहीत नव्हतं.

ऋतुजा तिथल्या बाकावर बसली. चौदा दिवस, रविवार. ती मनातल्या मनात तारखा मोजत गेली. एकही चुकली नाही. एका रविवारी तिला ताप होता म्हणून ती आली नव्हती. अहवालात त्या रविवारी आकडा अकरा होता.

सोमवारी ती प्रयोगशाळेत डॉ. सुबोध लांजेवारांकडे गेली. केशलेखाची पद्धत त्यांनीच बसवली होती. तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, की यंत्राकडून चूक होऊ शकते का. लांजेवारांनी दुसरा केस तपासला, तिसरा तपासला. आकडे तेच आले.

"पण डॉक्टर, आनंदानं रडलं तर?" ऋतुजा म्हणाली. "तेव्हा रक्तात काय येतं?"

लांजेवारांनी अहवाल बाजूला सारला.

"तेच येतं," ते म्हणाले. "फार मोठा आनंद आणि फार मोठं दुःख, केसाला वेगळं ओळखता येत नाही. आम्ही ते प्रयोगशाळेच्या पुस्तिकेत लिहिलंय, पण बारीक अक्षरात. म्हणून मी एकट्या केसावर विसंबत नाही. त्या सेविकेशी बोला. आनंद असेल तर माणूस संध्याकाळी जेवतो."

ऋतुजानं आदेश मागं घेतला आणि स्वतः परतवाड्याला निर्मलाच्या घरी गेली. आदेश मीच काढला होता, हे तिनं दारातच सांगितलं. निर्मलानं तिला आत बोलावलं, पाणी दिलं. ती चिडली नाही, याचंच ऋतुजाला जास्त लागलं.

निर्मला सांगत गेली. ज्योत्स्नाबाईंच्या मनात त्या अजून पस्तीस वर्षांच्या आहेत. सकाळी उठतात, कागदाचे कपटे घेऊन व्हरांड्यात फिरतात, सगळ्यांना तिकिटं देतात. त्यांची लेक ऋतू आठ वर्षांची आहे. ती कुठं आहे असं त्या दिवसातून चार-पाचदा विचारतात. शाळेत गेलीय, असं सांगितलं की निवांत होतात. मग रविवारी एक केस पिकलेली बाई येते आणि म्हणते मीच ऋतू.

"तुम्ही गेल्या की त्या फाटकापाशी जातात, ताई," निर्मला म्हणाली. "माही पोरगी कुठी गेली, कोणं नेली, म्हणून विचारतात. जेवत नाहीत. मी दोन दिवस समजावत राहते. तुम्हाला सांगावं असं कितीदा मनात आलं. पण लेकीला कसं सांगायचं, की येऊ नका म्हणून?"

नववं कलम ऋतुजाला तोंडपाठ होतं. आता ते ती स्वतःवर चालवू लागली. ती दोन महिने गेली नाही. तेवढ्या दिवसांची रेघ जमिनीसारखी सपाट आली. लांजेवारांनी ती दाखवली तेव्हा तिला आईसाठी बरं वाटलं, आणि मग घरी जाऊन ती हुंदके देऊन रडली. आपण नसलेलं आईला इतकं मानवतं, हे कागदावर आकड्यांनी लिहिलेलं पाहणं फार कठीण होतं.

तोड निर्मलानंच सुचवली. लेक म्हणून नका येऊ, प्रवासी म्हणून या.

एप्रिलातल्या एका सकाळी ऋतुजा व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. ज्योत्स्नाबाई एकेकाला कपटे देत तिच्यापाशी आल्या.

"कुठी जायचं, बाई?"

"परतवाडा," ऋतुजा म्हणाली.

आईनं तिला कपटा दिला आणि शेजारी टेकली. गाडीला गर्दी नाही आज, म्हणाली. मग आपणहून बोलू लागली. घरी पोरगी आहे, आठ वर्षांची, ड्युटीवरून येईपर्यंत शेजारीण पाहते तिले. गणितात हुशार आहे, पण हट्टी. रात्री माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. ऋतुजाला हे आठवत नव्हतं. आई तिच्याशी कधी इतकं बोलली नव्हती. ती ऐकत राहिली. उठताना आईच्या हाताला हात लावायचा मोह तिनं आवरला. त्या दिवसाचा क्लेशांक आला आठ.

मग दर दुसऱ्या रविवारी ती प्रवासी झाली. विभागानं या प्रकरणाची दखल घेतली. इतर घरांतूनही असे केशलेख निघू लागले, पुष्कळ निघू लागले. वर्षभरात नियम झाला, की भेटीमुळं क्लेशांक चाळीसच्या वर जात असेल तर नातेवाइकानं आधी प्रशिक्षण घ्यावं: कुणी वाणसामान आणणारा व्हावं, कुणी शेजारीण, कुणी टपालवाला. हा वर्ग ऋतुजाच घेई. नवरा, मुलगा, बहीण ही नाती तोंडातून निसटू नयेत म्हणून सराव करून घेई. कागदावर परिणाम चांगला होता. राज्यभरात क्लेशांक खाली आले, घरांच्या श्रेणी वर गेल्या.

दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात एका रविवारी ज्योत्स्नाबाईंची तब्येत जरा नरम होती. त्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून होत्या, मांडीवर कपट्यांचा गठ्ठा. ऋतुजा जवळ जाऊन बसली. आईनं तिकीट पुढं केलं, पण बोटं सोडली नाहीत. तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतलं काहीतरी जागेवर येताना ऋतुजाला दिसलं.

"ऋतू?" आई म्हणाली. "किती वाळलीस वो."

निर्मला दारात उभी होती, ती तशीच थांबली. असं झालं तर काय करायचं, ते ऋतुजा वर्गात दर आठवड्याला शिकवत होती. ओळख पाच-दहा मिनिटं टिकते; तिला होकार दिला तर मागून येणारा गोंधळ दोन दिवस छळतो.

"नाही बाई," ती म्हणाली. "तुमची चूक होतेय. मी परतवाड्याची."

आईनं तिला आणखी थोडं न्याहाळलं. मग बोटं सैल झाली.

"हो," ती पुटपुटली. "माही तर लहान हाये."

त्यानंतर ज्योत्स्नाबाई तीन आठवडे जगल्या. झोपेतच गेल्या, शेवटपर्यंत शांत. केशलेख लांजेवारांनी स्वतः आणून दिला. त्या रविवारचा क्लेशांक होता नऊ. होकार दिला असता तर तो किती झाला असता, आणि तो कशाचा असता, हे विचारावं असं ऋतुजाच्या ओठांवर आलं होतं.

वार्षिक अहवाल तिच्या टेबलावरच होता. त्या घराला त्या वर्षी राज्यातली पहिली श्रेणी मिळत होती, कारण एकाही रहिवाशाच्या एकाही दिवसावर बोट ठेवायला जागा नव्हती. सतरा क्रमांकापुढं संगणकानं शेरा भरला होता: शुश्रूषा सर्वोत्तम, क्लेशाचं कारण पूर्णपणे दूर.

ऋतुजानं तो दोनदा वाचला आणि खाली सही केली.