हिंदुरावांची काळी चार

"आमच्या आज्याचं घोंगडं नेलं!" भैरू धापा टाकत ओट्यावर चढला. "हिंदुरावांचा गडी आला, 'काळं हाय का?' म्हणून इचारलं, न्‌ घेऊन बी गेला!"

"काळंच?" ज्योतीरामने विचारलं.

"व्हय! आज्या पट्ट्यापट्ट्याचं नवंकोरं देत व्हता. नगं म्हणाला!"

शालनने हातातली करंजी खाली ठेवली. दिवाळीची सुट्टी निम्मी संपली होती आणि आता कुठे काहीतरी घडत होतं! "चला," ती म्हणाली, "काळ्या घोंगड्याचं एवढं काय आहे ते बघूच."

ही गोष्ट १९५७ सालची. पिंपळे सौदागर तेव्हा शेतांनी वेढलेलं लहानसं गाव होतं. भैरू तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा. ज्योतीराम आणि शालन मात्र नवे. दोघांचे वडील नदीपलीकडे पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला होते आणि दोन्ही घरं भैरूच्या आज्याकडे भाड्याने राहत.

चौथी होती इंदू, ज्योतीरामची धाकटी बहीण. इंदू बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसे. ऐकलेलं वाक्य ती मनात येईल तेव्हा जसंच्या तसं, त्याच माणसाच्या आवाजात म्हणून दाखवी. आणि मोठा आवाज झाला की तिला तो दुखायचा, अगदी खरोखर दुखायचा. अशा मुलांना काय म्हणतात हे त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. गणेशोत्सवात मांडवातला लाउडस्पीकरचा कर्णा किंचाळला, तेव्हा इंदू कान दाबून ओरडत सुटली. गावच्या उत्सवांची सगळी व्यवस्था बघणारे हिंदुराव भर मांडवात म्हणाले, "ह्या येड्या पोरीला परत आणू नका!" तिची आई सावित्रीबाई त्या दिवशी चुलीपुढे बसून खूप रडली.

हिंदुराव तसे वाईट नव्हते. फार घाईचे होते, इतकंच. अर्धं ऐकायचं आणि धावत सुटायचं!

आज दुपारी चारला त्याच जागी घातलेल्या मांडवात दुर्गाबाईंचं गाणं होतं, आणि दुर्गाबाई म्हणजे इंदूचा जीव की प्राण. चहाच्या दुकानात रेडिओवर त्यांचा आवाज लागला की ही भिंतीला कान लावून उभी राही आणि गाणं संपेपर्यंत हलत नसे. आजच्या गाण्याला मात्र तिला बंदी होती. सकाळपासून ती दाराशी बसून पुढेमागे डुलत होती. ज्योतीरामला ते बघवत नव्हतं. त्याने तिला बरोबर घेतलं.

गडी घोंगडं घेऊन चावडीकडे गेला होता. चौघं चावडीच्या मागच्या खिडकीशी पोहोचली. आत बाजेवर घोंगडी रचून ठेवली होती, वर उदबत्तीसुद्धा लावली होती!

"काळी चार!" भैरू पुटपुटला. "पण कशापायी?"

तोच इंदू घोगऱ्या, परक्या आवाजात बोलली, "बाई काळी चारला गातात. तबला त्या सुरात लागेल असा बघून ठेवा."

"हा तर दुर्गाबाईंचा माणूस!" ज्योतीराम म्हणाला. "परवा निरोप घेऊन आला होता. हिंदुराव कर्ण्याच्या खांबावर चढलेल्या गड्यावर ओरडत होते, आणि इंदू तिथेच बसली होती."

शालनला हसू आवरेना. ती पेटी शिकत होती. "अरे, काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी! तो बाईंचा सूर! आणि ह्यांनी घोंगडी गोळा केली!"

हसून झाल्यावर तिचा चेहरा उतरला. "पण मग तबल्याचं काय? वाजवणार आपले दत्तोबा, आणि त्यांचा भजनाचा तबला लहान तोंडाचा आहे. त्या सुरात नाही लागायचा."

सगळे हिंदुरावांकडे पळाले. ते कर्णे बांधून घेत होते.

"मामा, काळी चार म्हणजे घोंगडी नव्हेत..."

"मला शिकवती व्हय गं? बाई बसत्यात त्यावर! पळा, कामं पडल्यात!"

"शिकवलंच पाहिजे ह्यांना," शालन रस्त्यावर येऊन म्हणाली. "चिंचवडला माझ्या यशवंतराव मास्तरांकडे रुंद तोंडाचा तबला आहे. आणायचा?"

दोन सायकली नावेतून पवनेपार झाल्या. मास्तरांनी सगळी हकिकत ऐकली, पोट धरून हसले आणि तबला दुपट्यात बांधून दिला. परतताना भैरूने तो पोटाशी असा धरला होता, जणू तान्हं बाळच!

"दिऊ आता हिंदुरावास्नी?" गावात शिरताना त्याने विचारलं.

"थांब," ज्योतीराम म्हणाला. "आधी त्यांना तो हवासा वाटू दे."

चार वाजले. मांडव भरला. दुर्गाबाई तंबोरे जुळवून बसल्या. पेटीवाल्याने काळी चार दाबली आणि दत्तोबा हातोडी घेऊन तबल्याला भिडले. ठोक ठोक! ठोक ठोक! तबला चढवला की चामड्याची वादी करकरे, उतरवला की नुसता फदफद वाजे. दत्तोबांना घाम फुटला.

"निरोप दिला होता ना, काळी चार म्हणून?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"दिला की! न्‌ तुमी बसलाय त्यावरच!" हिंदुराव म्हणाले.

दुर्गाबाईंनी खाली घोंगड्यांकडे पाहिलं. मग पेटीवाल्याकडे पाहिलं. पेटीवाल्याने पेटीवर डोकंच टेकलं!

त्याचं बोट अजून काळ्या पट्टीवरच होतं. ते पाहून हिंदुरावांना सगळं उमगलं आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. तेवढ्यात ज्योतीराम त्यांच्या कानाशी आला. "मामा, तबला आहे. त्या सुरातला."

"आन की मग लेका!"

"आणतो. पण इंदू गाणं ऐकणार. आणि ही घोंगडी आम्हाला द्यायची."

"दिली! समदी दिली!"

मंचाच्या मागे, कर्ण्यांच्या पाठीला, एक बैलगाडी सोडलेली होती. दुर्गाबाईंसाठी सतरंजी अंथरली गेली आणि पोरांनी गाडीच्या चारी बाजूंनी जाड घोंगडी सोडली. आत अंधार झाला, ऊब झाली, बाहेरचा गलबला कमी झाला. ज्योतीरामने आईला आणि इंदूला बोलावून आणलं. इंदू आत सरकली. मंचाकडच्या बाजूला एक फट ठेवली होती, तिथे तिने कान नेला. तंबोरे अगदी हाताच्या अंतरावर होते.

मास्तरांचा तबला लगेच सुरात लागला आणि गाणं सुरू झालं. इंदू डुलायची थांबली. सावित्रीबाई गाडीच्या चाकाशी बसल्या होत्या. 'आत्ता ओरडेल, आत्ता ओरडेल,' म्हणून त्यांचा जीव मुठीत होता. इंदू ओरडली नाही. ती आपल्या बोटांनी आईच्या मनगटावर ठेका धरत होती. सावित्रीबाईंना किती आनंद झाला म्हणून सांगू!

गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. इंदूने दोन्ही कान घट्ट दाबले, डोळे मिटले आणि थांबून राहिली. टाळ्या विरल्या. तिने हात काढले आणि फटीतून म्हणाली, "अजून."

दुर्गाबाई वळल्या. "कोण गं ती?"

हिंदुराव पुढे झाले. आता मात्र त्यांनी घाई केली नाही. "बाई, तुमचा निरोप मी अर्धाच ऐकला. पुरा ऐकला तो हिनं. न्‌ तबला आणला ह्या पोरांनी. ही नसती तर आज माजी गावात शोभाच झाली असती. हिला मी येडी म्हणलो व्हतो." ते कर्णेवाल्याकडे वळले. "बंद कर रे ते!"

कर्णे बंद झाले. मागची माणसं पुढे सरकून बसली. दुर्गाबाईंनी तंबोरा कुशीत घेतला आणि गाडीकडे तोंड करून एक छोटीशी चीज गायली. शेवटी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हिंदुरावांनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांकडे डोळे वटारले होते ना!

"गुणाची गं पोरं!" दुर्गाबाई म्हणाल्या. "पुढच्या दिवाळीला पुन्हा बोलवा मला. पाडव्याला येईन मी!"

घोंगडं बाजूला झालं. इंदू बाहेर आली आणि दुर्गाबाईंच्याच गोड आवाजात म्हणाली,

"पाडव्याला येईन मी."

"ये गं बाय, ये!" हिंदुराव हळूच म्हणाले. "म्होरच्या साली पहिलं आवतण तुलाच!"