कोऱ्या बाजूवरची टेप

दाराच्या चौकटीवरच्या सहा रेघा गायब झाल्या होत्या!

दर वाढदिवसाला मुलगा तिथे पाठ टेकून उभा राहायचा आणि आई पेन्सिलने त्याची उंची मांडायची. सातवी रेघ मांडायला मुलगाच उरला नाही. आणि आज ती बाहेरून येऊन बघते, तर लाकूड गुळगुळीत, चकचकीत.

"उद्यापासून कामावर येऊ नका!" रंग-पॉलिशचा धंदा चालवणारी आत्या पॉलिशवाल्या काकांवर कडाडली. "डावी बाजू सोडा, असं स्पष्ट लिहून दिलं होतं!"

"सोडली की," काका पुटपुटले.

आत्यासोबत आलेल्या भाचीने कान टवकारले. शाळेत तिला सगळे चौकशीबाई म्हणायचे, आणि ती ते नाव मिरवायची. खोलीत शिरून तिने वळून दाराकडे पाहिलं. डावी बाजू लखलखत होती. उजव्या, कोऱ्या बाजूला मात्र वरपासून खालपर्यंत कागदी टेप. अगदी काटेकोर.

निष्काळजी माणूस कोऱ्या लाकडाला इतकं जपेल?

"काका, रेघा दिसल्या नाहीत?"

"दिसल्या ना. सुताराच्या मापाच्या वाटल्या. त्या घासायच्याच असतात."

"उभे कुठे होतात?"

"बाहेर, पॅसेजमध्ये. आत पलंग आडवा येतो."

"काकू, 'डावी बाजू' असं तुम्ही आत्याला कुठून सांगितलंत?"

"इथूनच, पलंगावर बसून," मुलाची आई म्हणाली. "त्याच्या उंचीच्या रेघा आहेत, हेही सांगितलं."

चौकशीबाईने आत्याकडे पाहिलं. उत्तर सापडलं होतं, आणि ते घरातलंच निघालं होतं.

"आत्या, आतून डावी ती बाहेरून उजवी. काकांनी त्यांच्या डावीला टेप लावली. काकूंनी रेघांचं सांगितलं होतं, तुझ्या चिठ्ठीत तीनच शब्द आहेत. नुसतं 'रेघा असलेली बाजू' लिहिलं असतंस तरी..."

"एवढं कोण लिहीत बसतं गं!" आत्या म्हणाली, पण आवाज उतरला होता. "काका... या उद्या."

काका टेप सोलत राहिले.

चौकशीबाईने दप्तरातली पेन्सिल पुढे केली. "काकू, आठवून मांडूया?"

काकूंनी पेन्सिल घेतली. चौकटीवर हात छातीच्या उंचीला नेला. मग जरा खाली. मग परत वर.

"इथे होता," त्या म्हणाल्या. "की... इथे?"

लाकूड कोरंच राहिलं.