गुरुवारचं बाकडं

"मॅडम, इथं आत ऊन लागत नाही हो."

इंद्रायणीनं दचकून मान वळवली. काळेवाडीतल्या सरकारी दवाखान्याचा पहिला मजला. मुलांच्या समुपदेशनाच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं होतं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक सावळा तरुण बसला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट. डोळ्यांत हसू... पण दमलेलं.

"मला म्हणालात?"

"इथं दुसरं कुणी तोंड बांधून बसलेलं नाही."

स्कूटीवरून येताना बांधलेला स्कार्फ तिनं सोडला नव्हताच. उलट तो आणखी घट्ट केला. चाकणजवळच्या वाडीतून वीस किलोमीटर गाडी हाकत ती मुद्दाम इतक्या लांब आली होती, ती कुणी ओळखू नये म्हणूनच. आत समुपदेशक सुप्रिया मॅडमसमोर तिची भाची मनवा बसली होती. नऊ वर्षांची. शाळेला निघायची वेळ झाली की पोरीच्या पोटात कळ यायची. सोनोग्राफी झाली, औषधं झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी एका डॉक्टरांनीच सांगितलं, पोटात काही नाही, मनात काहीतरी आहे.

हे घरी सांगायची सोय नव्हती. इंद्रायणीचे वडील उद्धवराव, घरातले अण्णा, पहिल्याच दिवशी कडाडले होते, "आपल्या घरात डोक्याचं कुनी न्हाई!" मग शकूवहिनी आणि इंद्रायणी, दोघींनी मिळून एक खोटं रचलं. मनवाच्या दातांवर उपचार चालू आहेत. वहिनीच्या शिफ्ट बदलत्या. इंद्रायणीच्या कंपनीला मात्र गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. म्हणून दर गुरुवारी भाचीला शाळेतून अर्ध्या दिवसानं काढून आणायचं काम आत्याकडे आलं.

"मी समाधान," तो तरुण म्हणाला. "आमची विजू, म्हणजे धाकटी बहीण, आतल्या दुसऱ्या खोलीत चित्र काढायलीय. लातूरकडून आलो आम्ही. इथल्या वर्गात पोरं तिच्या बोलण्याला हसली, तर तिनं बोलणंच सोडून दिलं. सहा महिने झाले. माझ्याशीसुद्धा नाही."

त्यानं हे इतक्या सरळपणे सांगितलं, की इंद्रायणीला आपल्या स्कार्फची लाज वाटली. पण सोडवेना.

"तुमचं नाव?"

"...कशाला हवंय?"

"नको तर नको. मी 'स्कार्फवाल्या मॅडम' म्हणेन."

स्कार्फच्या आत ती हसली. त्याला दिसलं नसणार, असं तिला वाटलं.

"डोळे हसले," तो म्हणाला.

असे गुरुवार येत गेले. दुसऱ्या खेपेला तिनं नाव सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यानं खालून दोन चहा आणले, एक तिच्या शेजारी ठेवला आणि शहाण्यासारखा खिडकीबाहेर बघत उभा राहिला. चहा प्यायचा तर स्कार्फ सोडावा लागणार होता. तिनं सोडला. तो वळला आणि... काहीच बोलला नाही. एवढा बोलका माणूस, पण चहा संपेपर्यंत गप्प.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. साखर जास्त झालीय."

घरी जाताना मनवानं मागच्या सीटवरून विचारलं, "आत्या, तू गाणं का म्हणतेयस?"

पण गाणं वाडीच्या वेशीपर्यंतच टिकायचं. पुढे पुन्हा तीच धाकधूक. उद्या सकाळी पोरीचं पोट दुखेल का? कुणी पाहिलं असेल का? अण्णांना कळलं तर? सुप्रिया मॅडमनी आता मनातली गाठ नेमकी सापडली असं सांगितलं होतं. मनवा शाळेत होती तेव्हा तिची आजी गेली. सकाळी आजीनं नुसतं "अंग कसकसतंय" म्हटलं होतं, आणि दुपारी पोर परतली तर अंगणात माणसं जमलेली. तेव्हापासून मनवाच्या मनानं घेतलं होतं, की आपण शाळेत गेलो की घरातलं कुणीतरी मरतं.

इंद्रायणीनं हे बाकड्यावर बसून समाधानला सांगितलं आणि ती रडली. त्यानं रुमाल पुढे केला. बोटाला बोट लागलं, आणि दोघंही जरा जास्तच घाईनं बाजूला सरकले.

एका मंगळवारी दुपारी सव्वादोनला इंद्रायणी कंपनीत पार्ट तपासत होती. सुपरवायझर मारुतराव जवळजवळ पळतच आले. "इंद्रायणी, शाळेतून फोन आहे. तुमची भाची मधल्या सुट्टीनंतर वर्गात नाही."

तिच्या हातातला पार्ट खाली पडला. दादा-वहिनी दोघंही शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. अण्णा शेतावर. आणि शाळेसमोरचा तो रस्ता... कंटेनर, ट्रक, कंपन्यांच्या बस. माणसाला ओलांडायला पाच मिनिटं लागतात. तिनं लॉकरमधून आपला फोन काढून जो नंबर लावला, तो का लावला हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

समाधान दुसऱ्या शिफ्टला कंपनीच्या बसमधून चाकणकडे येत होता.

"हरवली... मनवा हरवली हो..."

"थांबा. रडू नका, आधी मला एक सांगा. आज सकाळी घरात कुणाला बरं नव्हतं का?"

"नाही... म्हणजे मलाच जरा कणकण होती. मी वहिनीला म्हटलं, अंग कसकस–"

ती मधेच थांबली.

"मग ती हरवलेली नाही," समाधान म्हणाला. "ती तुम्हाला बघायला निघालीय. शाळेकडून कंपनीच्या रस्त्यानं. तुम्ही तिकडून या, मी इथं चौकात उतरतो."

इंद्रायणीनं स्कूटी काढली. बाहेर ट्रकांची रांग लागली होती, हॉर्न, धूळ. प्रत्येक निळा गणवेश बघून तिचं काळीज लक्कन हलायचं. एका ठिकाणी रस्त्यावर गर्दी दिसली आणि तिनं करकचून ब्रेक दाबला... दोन रिक्षावाल्यांचं भांडण होतं ते. ती पुढे निघाली. देवाला काय काय कबूल केलं, तिचं तिलाच आठवेना.

फोन वाजला. समाधानच. पण कानावर आला तो बारीक, भेदरलेला आवाज.

"आत्या... तू आहेस?"

इंद्रायणीनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला. "आहे गं माझी बाई. मी आहे."

कांदा मार्केटच्या भिंतीला टेकून दोघं बसली होती. भरलेल्या गोण्यांच्या सावलीत, थेट जमिनीवर. समाधाननं तिला उचललं नव्हतं, ओढलं नव्हतं. तो नुसता शेजारी बसला होता आणि भीती उतरावी म्हणून दोघं मिळून फुंकर घालत होती, सुप्रिया मॅडमनी शिकवली होती तशी, गरम दुधावर घालतात तशी सावकाश. मनवानं आत्याला पाहिलं, येऊन कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. जिवंत असल्याची खात्री करून घेतली. मग हमसून रडली.

समाधानची शिफ्ट केव्हाच सुरू झाली होती.

"तुमचा खाडा झाला," इंद्रायणी म्हणाली.

"होऊ द्या की," तो म्हणाला. आणि मग हळूच, "माझे पण हात कापायलेत अजून. बघा."

तिनं पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, तो हात हातात घेतला.

आता दातांचं खोटं चालणार नव्हतं. शाळेतून निरोप आधीच पोचला होता. घरासमोर उद्धवराव उभे होते, चेहरा राखेसारखा.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

इंद्रायणीनं सगळं सांगितलं. दवाखाना, गुरुवार, बाकडं, समाधान. सांगताना मान वर होती. "रागवायचं तर मला रागवा अण्णा. पण मी तिला तिथं नेणारच."

उद्धवराव बोलायला गेले, तेवढ्यात मनवा म्हणाली, "आजोबा, मी शाळेत गेले म्हणून आजी मेली ना?"

म्हातारा हळूच ओट्यावर बसला. मग त्यांचा आवाज आला, ओळखू न येण्यासारखा.

"न्हाई गं पोरी. मी बी घरी नव्हतो त्या दिशी. कांदा घिऊन गेलतो मार्केटला. ती म्हनली व्हती, आज नका जाऊ... दोन वर्सं झाली, मला झोप न्हाई."

मनवा त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

पुढचं सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. बुधवारी मनवाचं पोट पुन्हा दुखलं. त्यानंतरच्या सोमवारीही दुखलं, पण ती शाळेत गेली. वाडीत कुजबुज झाली ती झालीच. आणि एका गुरुवारी उद्धवराव धुतलेला सदरा घालून, टोपी नीट करून स्कूटीपाशी येऊन उभे राहिले. "मला बी बोलायचंय त्या बाईंशी," एवढंच म्हणाले, आणि नातीला मधे घेऊन मागे बसले.

आजोबा-नात आत गेली. बाकड्यावर दोघंच उरली.

"विजू काल बोलली," समाधान म्हणाला. "भाजीत मीठ नाही म्हणाली. आईनं तीच भाजी दोनदा वाढून घेतली."

"अहो, मग किती छान!"

"हो. आता महिन्यातून एकदाच यायचं, म्हणाल्या मॅडम."

"मग तोंड असं का?"

तो खाली फरशीकडे बघत राहिला. "कसा माणूस आहे बघा मी. बहीण बरी व्हायलीय, आणि मी घरी जाऊन गुरुवार मोजायलोय. महिन्यात तीन गुरुवार तुम्ही दिसणार नाही... मला ते जमणार नाही, इंद्रायणी. कसं सांगावं कळेना, म्हणून असंच सांगितलं."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आत अण्णा होते, भिंतीपलीकडे. त्यांनी लातूरचा मुलगा नाही म्हटलं तर? गाव काय म्हणेल?

"पुढच्या गुरुवारी मनवाला अण्णाच आणणार आहेत," ती म्हणाली. "म्हणजे मी... मोकळी आहे."

"म्हणजे?"

"निगडीला दुर्गा टेकडी आहे. तुम्हाला माहीत नसेल."

"मला माहीत आहे!"

"मग माहीत नाही म्हणा ना," ती वैतागून म्हणाली, "मी दाखवणार होते."

तो हसला. ती हसली. आणि तेवढ्यात दार उघडलं.

उद्धवराव बाहेर आले. डोळे लाल, पण खांदे सैल झालेले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग समाधानकडे, मग दोघांमधल्या त्या अगदी थोड्या उरलेल्या जागेकडे. समाधान ताडकन उभा राहिला.

म्हातारा आला, दोघांच्या मधोमध बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बस की पोरा," ते म्हणाले. "तुमच्या लातूरकडं यंदा सोयाबीन काय म्हनतंय?"